मांडी लटकते, नडगी उभी राहते: स्टॉर्मट्रूपरचे पाय सारखे सुटत असतील तर

"ताई, परत खाली आलं."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता समोरचा पुढे काही बोलायच्या आत मी खाली बसते, त्याच्या मांडीचा तुकडा वर ढकलते आणि विचारते, "कुठून सुटलं? आणि सुटायच्या आधी कुठे सरकलं?" पहिल्याचं उत्तर सगळ्यांकडे असतं. दुसऱ्याचं कुणाकडेच नसतं, आणि दुरुस्ती नेमकी तिथे असते.

मी मूळची शिवणकामवाली. पुण्यात शाळांची स्नेहसंमेलनं, हौशी नाटकं, एखादं ऐतिहासिक सोंग असं काम करता करता कॉस्प्लेची, म्हणजे सिनेमातल्या पात्रांचे हुबेहूब वेश घालणारी, मुलं दार वाजवू लागली. त्यातला एक नग मात्र पुनःपुन्हा येतो: १९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मधला पांढऱ्या चिलखतातला शिपाई, म्हणजे स्टॉर्मट्रूपर, हुबेहूब पडद्यावरच्यासारखा. आणि त्यातही बिघडतात ते पाय. छाती, पाठ, हात यांचं फारसं काही अडत नाही.

इथे मी बोलतेय ते व्हॅक्यूम फॉर्मिंगने, म्हणजे तापवलेला पत्रा साच्यावर हवा खेचून बसवून, केलेल्या एबीएस या कडक प्लास्टिकच्या पायांबद्दल. दोन मांड्यांचे नळे, दोन नडग्यांचे नळे, उजव्या मांडीच्या खालच्या कडेला डब्याडब्यांची पट्टी आणि डाव्या गुडघ्यावर ती उठून दिसणारी प्लेट. ईव्हीए फोमचे, म्हणजे स्पंजासारख्या मऊ पत्र्याचे, पाय असतील तर डिंक, चीर आणि तापवण्याचा भाग सोडून बाकी सगळं तुम्हालाही लागू.

लक्षणं

मांडी हळूहळू उतरते आणि तिची खालची कड नडगीच्या वरच्या कडेवर टक-टक आपटते. आवाज ऐकूनच मला कळतं.

मांडी उंचीला जागेवर राहते, पण फिरते. पुढची उभी पट्टी दोन पायांच्या मधे जाते आणि माणूस फेंगडा दिसायला लागतो.

नडगी फिरते, किंवा मागची फट पोटरीवर उघडते. वेल्क्रो चर्र करून सुटतं, तेही नेमकं फोटोच्या वेळी.

गुडघ्यामागे चिमटा बसतो. रात्री पाहिलं तर तिथे लाल वळ असतात.

टिचबटण उघडत नाही, पण पट्टीसकट किंवा प्लास्टिकवरच्या डिंकासकट उपटून हातात येतं.

गुडघ्याची प्लेट एका कोपऱ्यातून लोंबते.

आणि शेवटचं लक्षण वेगळंच आहे: पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या, बधिरपणा, किंवा पाऊल वर उचलताना अडखळल्यासारखं होणं. हे झालं तर पुढचं काहीही वाचायच्या आधी नडगी उतरवा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाताला एक गोल हाड लागतं. त्याला वळसा घालून एक मज्जातंतू अगदी कातडीलगत जातो. पाऊल वर उचलायचं काम त्याच्याकडे असतं. नडगीचा पट्टा किंवा प्लास्टिकची कड तिथे दाबत असेल, तर ती सवयीने 'बसत' नाही. पट्टा दोन बोटं खाली घ्या किंवा ती कड कापा. मध्यम मार्ग नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा

पायाचं चिलखत पायाला बांधायचं असतं, ही समजूत सगळ्या भानगडींच्या मुळाशी आहे. माणसाची मांडी वर रुंद, खाली निमुळती. त्यावर नळा कितीही आवळला तरी तो खालीच येणार, टोक खाली असलेल्या शंकूवर घातलेली बांगडी खाली येते तसा. म्हणून मांडी कमरेला टांगायची. नडगीचं उलटं आहे. तिला खाली पाऊल आहे, बूट आहे. ती बुटावर उभी राहू शकते, वरून टांगायची गरजच नाही.

मांडी लटकते, नडगी उभी राहते. बहुतेक जण उलटं करतात: मांडी आवळतात आणि नडगी गुडघ्याला लटकवतात.

यात पडद्याशी इमान राखायचं बंधन आहेच. जॉन मोलो हे या सिनेमाचे वेशभूषाकार, लष्करी गणवेशांचे अभ्यासक. या कामाला त्यांना ऑस्कर मिळालं. लंडनजवळच्या ट्विकनहॅममध्ये प्लास्टिकचे पत्रे तापवून साच्यांवर ओढून ही चिलखतं तयार झाली आणि १९७६ मध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात आणि एल्स्ट्रीच्या स्टुडिओत चित्रीकरण झालं. चित्रीकरणात एक शॉट संपला की वेशभूषेचा माणूस येऊन तुकडा सारखा करतो. आपल्याला मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे अशा वेशांच्या मेळ्यात, दिवसभर चालायचं, जिने चढायचे, लहान मुलांबरोबर वाकून फोटो द्यायचे. म्हणजे दिसायला पडद्यासारखं हवं आणि टिकायला त्याहून जास्त. बाहेरून काळा पट्टा, बकल, बाजूची उघडझाप काहीही दिसता कामा नये. नडगी मागूनच उघडली पाहिजे. त्यामुळे पुढचे सगळे उपाय आतल्या बाजूचे आहेत.

पहिली तपासणी: मास्किंग टेप आणि एक जिना

खर्च जवळजवळ शून्य, आणि निम्मी प्रकरणं इथेच उलगडतात.

सगळं अंगावर चढवा. आरशासमोर उभे राहून खालच्या काळ्या कपड्यावर टेपचे तीन छोटे तुकडे लावा: कमरेच्या आतल्या पट्ट्याच्या खालच्या कडेशी, मांडीच्या वरच्या कडेशी, नडगीच्या वरच्या कडेशी. आता एक मजला चढा, उतरा, परत आरशासमोर या. छातीखालचा तुकडा काढून कमरेकडे बघायला एक माणूस मदतीला घ्या.

कमरेचा पट्टा टेपपासून जेवढा उतरला तेवढीच मांडी उतरली असेल, तर दोष पट्ट्याचा आहे. पट्टा जागेवर आणि मांडी खाली, तर टांगणीच्या पट्ट्या ताणल्या जातायत. दोन्ही जागेवर आहेत, पण गुडघ्याजवळ कपड्याच्या वळकट्या जमल्यायत, तर कपडाच सरकतोय.

एक मुलगा माझ्याकडे आला तो तीन वेळा टांगणीच्या पट्ट्या बदलून आला होता. दर वेळी अधिक जाड, अधिक कडक. टेप लावून जिना चढवला तर पट्ट्या ठणठणीत होत्या, कंबरच चार सेंटिमीटर खाली आली होती. त्याने त्या पट्ट्या आतल्या पायजम्याच्या इलॅस्टिकला अडकवल्या होत्या. पायजम्याचं इलॅस्टिक पायजमा धरायला असतं, बाबा. त्याने आणखी दोन नळे कशाला धरावेत?

दुसरी: डावा-उजवा

हसू नका. घाईत नडग्या उलटसुलट चढवणारे मी चार तरी पाहिलेत. डावी म्हणजे गुडघ्याची प्लेट असलेली, उजवी मांडी म्हणजे डब्यांची पट्टी असलेली. पण प्लेट अजून लावलीच नसेल किंवा काढून ठेवली असेल तर गोंधळ होतोच. पोटरी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, त्यामुळे उलटी नडगी दहा पावलांत आपल्या सोयीच्या बाजूला फिरते आणि माणूस वेल्क्रोला शिव्या देत बसतो. आतल्या बाजूला मार्करने डा आणि उ लिहून टाका.

तिसरी: आतला कपडा

चकचकीत लायक्रावर प्लास्टिक घसरतं. थोडा मॅट, घट्ट विणीचा कपडा बरा. घाम येतो म्हणून पावडर लावणारे असतात; पावडर म्हणजे घसरगुंडीला तेल. पोटरीवर खेळाडू घालतात तसला घट्ट बाह्यासारखा मोजा चढवला तर नडगीला पकड मिळते आणि केसही ओढले जात नाहीत. इथे याहून जास्त करण्यासारखं काही नाही.

चौथी: कमरेचा पट्टा

दोन इंच रुंद, न ताणली जाणारी नायलॉनची पट्टी आणि प्लास्टिकचं खटका-बकल. बॅगा बनवणाऱ्यांना सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरला फिरलात तर पाय दुखतील पण सामान मिळेल. पट्टा बसतो कुठे, ते महत्त्वाचं: पोटावर नाही, कमरेच्या हाडाच्या कंगोऱ्यावर. हाड वजन धरतं, पोट श्वासागणिक आत-बाहेर होतं.

ज्यांना नितंब नावाला आहेत अशा काटकुळ्या मुलांना कितीही आवळलं तरी पट्टा उतरतोच. त्यांनी हट्ट सोडावा आणि खांद्यावरून दोन पट्ट्या घ्याव्यात, पँटच्या गॅलिससारख्या, छातीच्या चिलखताखाली लपणाऱ्या. पोट सुटलेल्यांचंही तेच. यात कमीपणा काही नाही.

पाचवी: टांगणीच्या पट्ट्या, किती आणि कुठे

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि दुरुस्ती स्वस्त असते.

बादलीला एकाच बाजूला कान असता तर काय झालं असतं? उचलली की कलंडली असती. मांडीला पुढे एकच पट्टी लावली की तेच होतं: पुढची कड वर, मागची खाली, आणि नळा त्या एका टोकाभोवती फिरायला मोकळा. दोन पट्ट्या हव्यात. एक पुढे, मधोमध नाही तर थोडी बाहेरच्या अंगाला. दुसरी बाहेरून मागे, खिशाच्या मागच्या शिवणीच्या रेषेत. आतल्या अंगाला, दोन मांड्यांच्या मधे, काही लावू नका. घासून घासून कातडी निघेल आणि पट्टीही.

पुढच्या दोन्ही पट्ट्या कमरेपासून खाली येताना किंचित बाहेर फाकलेल्या असाव्यात. मांडी आत फिरत असेल तर पुढच्या पट्टीचं कमरेकडचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बाहेर सरकवून बघा. टाचणीने नाही, सेफ्टीपिनने अडकवून जिना चढा, पटलं तरच शिवा. माझ्या अनुभवात फिरणारी मांडी दहातल्या सात वेळा एवढ्यावर थांबते.

आता इलॅस्टिक. नवशिके पूर्ण पट्टी इलॅस्टिकची करतात. मग मांडी प्रत्येक पावलाला खाली-वर झुलते, आणि दुपारपर्यंत इलॅस्टिक थकतं. मग कोणीतरी सांगतं, न ताणणारी पट्टी लावा. ती लावली की झुलणं थांबतं, पण पाय उचलल्यावर सगळा हिसका टिचबटणावर येतो आणि ते उपटून येतं. तोडगा मधला आहे: पट्टी नायलॉनची, एक इंची, आणि फक्त खालचं चार सेंटिमीटरचं टोक जाड विणीच्या इलॅस्टिकचं. वजन पट्टी धरते, हिसका इलॅस्टिक खातं. जोडाला चौकोन शिवून त्यात फुली मारा, बॅगेच्या बंदाला असते तशी. नुसती एक सरळ शिवण घातलीत तर ती शिवण सुटेल, आणि माझ्याकडे आलात तर मी आधी तुम्हालाच सुई-दोरा देईन.

लांबी ठरवताना उभं राहून ठरवू नका. पायरीवर एक पाय ठेवा, तशा अवस्थेत मांडी आणि नडगीच्या मधे पुढच्या बाजूला काळा कपडा दिसला पाहिजे आणि मागे कडा एकमेकींना टेकता कामा नयेत. सरळ उभं राहिल्यावर मग वरची कड जांघेत रुतत नाही ना, ते बघा.

सहावी: गुडघ्यामागचा चिमटा

आधी पाचवी तपासणी पूर्ण करा. मांडी योग्य उंचीवर टांगली की निम्म्या लोकांचा चिमटा जातो, आणि त्याआधी कात्री उचललेल्यांना पुढे पश्चात्ताप होतो. कापलेलं प्लास्टिक परत येत नाही.

तरीही चिमटा राहिला, तर पेन्सिलीने मागच्या कडेवर उथळ कमान काढा आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच काढा. घाला, चाला, परत काढा. पुढची कड, तिचा तो उठावदार कंगोरा, याला हात लावायचा नाही. पडद्यावर तीच दिसते. गुडघ्यामागच्या लवणीत मात्र कुणी डोकावत नाही. कापल्यावर कड पॉलिश पेपरने गोल करा. ताजी कापलेली एबीएसची कड कपड्यातूनही सोलते.

सातवी: नडगी कशावर उभी आहे?

नडगी घाला, मागून बंद करा आणि पाय जमिनीवर आपटा. खट्कन खाली सरकली तर ती उभी नव्हतीच, पोटरीला चिकटून होती.

तिच्या आत, खालच्या बाजूला, बुटाच्या चढावावर टेकेल अशी फोमची चकती लावा. जुनी योगा मॅट कापली तरी चालते. वरच्या बाजूला पोकळी असेल तर डाव्या-उजव्या अंगाला फोमच्या दोन पट्ट्या चिकटवा. समोर, हाडावर, लावू नका; दोन तासांत हाड ठणकायला लागतं. फिरणाऱ्या नडगीचं कारण बहुतेकदा ही पोकळीच असते. नळा मोठा, पाय बारीक, मग तो फिरणारच.

फोमच्या जोडीला पट्ट्याची एक युक्ती आहे, ती मला कुठे कळली सांगते. माझ्या एका नातेवाइकांना पायाला प्लास्टिकचं कॅलिपर आहे. त्याच्या पट्ट्याकडे बघत बसले होते. पट्टा एका बाजूला पक्का, दुसऱ्या बाजूला चौकोनी कडी. पट्टा कडीतून जातो, उलटा वळतो आणि स्वतःवरच वेल्क्रोने बसतो. ओढ दुप्पट मिळते, आणि वेल्क्रोवर येणारा ताण सरळ रेषेत येतो, सोलल्यासारखा नाही. दिवसभर चालणाऱ्या माणसाच्या पायावर प्लास्टिकचा नळा कसा धरायचा, हा प्रश्न त्या लोकांनी आपल्या कितीतरी आधी सोडवलाय. नडगीच्या आत, वरून चार बोटं खाली, एक इंची असा पट्टा लावून बघा. बाहेरून काही दिसत नाही. फक्त आधी सांगितलेल्या गुडघ्याबाहेरच्या त्या गोल हाडाच्या खाली ठेवा.

आठवी: मागची फट

वेल्क्रोचा स्वभाव समजून घ्या. दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकवायचा प्रयत्न केला तर ते जीव गेला तरी सोडत नाही. कोपऱ्यातून सोललं तर लहान मूलही उघडतं. नडगीच्या मागे दोन्ही कडा नुसत्या समोरासमोर आणून वर वेल्क्रोची पट्टी डकवली, तर पोटरी फुगली की ताण सोलण्याचाच येतो. एक कड दुसरीखाली किमान दोन सेंटिमीटर गेली पाहिजे आणि वेल्क्रो त्या चढलेल्या भागात, वरपासून खालपर्यंत, सलग हवं. तीन तुकडे नको.

मग ही परीक्षा करा: नडगी पायात न घालता टेबलावर ठेवा आणि हाताने मिटा. सहज मिटली, तर पोटरीला जागा आहे की नाही एवढाच प्रश्न. रिकामी असतानाही दोन्ही हातांनी दाबावी लागत असेल, तर प्लास्टिकच उघडायला बघतंय आणि कुठलंही बंद त्याच्याशी दिवसभर कुस्ती खेळणार नाही. आणि पायात घातल्यावर कडा दोन सेंटिमीटरहून लांब राहत असतील, तर नडगी तुम्हाला लहान आहे. मधे एबीएसची पट्टी घालून ती रुंद करावी लागेल. वेल्क्रोची रुंदी वाढवून उपयोग नाही.

सलग वेल्क्रोचा कंटाळा आला असेल तर आतून इलॅस्टिकचे फासे आणि हूक, ब्लाउजच्या मोठ्या हुकांसारखे, हाही चांगला मार्ग. फक्त घालताना दुसरा माणूस लागतो. स्वतःच्या पोटरीमागे हूक लावून दाखवणारा मला अजून भेटायचाय.

नववी: डिंक

इथून पुढे खर्च वाढतो आणि चूक महाग पडते.

वेल्क्रो घेताना मागे चिकट कागद असलेलं घेतलंत, तर त्याचा डिंक घाम आणि उन्हाने मऊ पडतो. गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेला संच संध्याकाळी उघडला तर वेल्क्रो लोळत पडलेलं असतं. शिवायचं वेल्क्रो घ्या, ते आधी नायलॉनच्या पट्टीवर शिवा आणि ती पट्टी प्लास्टिकला चिकटवा.

झटपट चिकटणारा सुपरग्लू इथे नको. तो काचेसारखा कडक होतो आणि पाय सतत वाकत असतो. एका बाजूला लवचीक प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला लवचीक कापड, मधे काच, तडकणारच. ई-६००० सारखा रबरासारखा लवचीक राहणारा डिंक वापरा आणि त्याला २४ ते ७२ तास द्या. "उद्या सकाळी कार्यक्रम आहे, आज रात्री लावते" असं म्हणणारीला मी सरळ सांगते, आज रात्री सेफ्टीपिना लाव आणि सोमवारी डिंक लाव.

चिकटवण्याआधी जागा दोनशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरने मॅट होईपर्यंत घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हरने नाही! माझ्याकडे एक मुलगी आली होती. तिने डिंकाचे जुने डाग काढायला घरात होती ती बाटली घेतली. त्यात अॅसिटोन होतं. अॅसिटोन एबीएसला विरघळवतं. पुसलेल्या जागी पांढऱ्या चकाकीची साय झाली होती आणि बोटाचा ठसा त्यात कायमचा उमटला होता. मांडीची पुढची बाजू. ती रडवेली झालेली, आणि मी काहीच करू शकत नव्हते. घासून पॉलिश केलं, पण प्रकाशात अजून दिसतं.

दहावी: टिचबटण

बटण थेट प्लास्टिकला भोक पाडून बसवलं, तर सगळं वजन त्या एका भोकाच्या काठावर येतं. काही महिन्यांत तिथून केसाएवढी चीर निघते. त्यापेक्षा पाच सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटरचा नायलॉनच्या पट्टीचा तुकडा घ्या, त्याच्या मधोमध बटणाचा खालचा भाग बसवा आणि अख्खा तुकडा आतून चिकटवा. वजन पसरतं, आणि बिघडलं तर तुकडा सोलून नवा लावता येतो.

बटण नीट बसलंय का बघायला नखाने त्याची टोपी फिरवून बघा. फिरली तर दांडी पुरती दबलेली नाही. आज ना उद्या उपटणार. पट्टीला भोक कात्रीने पाडू नका, तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने पाडा. नायलॉनचे धागे वितळून कड बंद होते आणि भोक मोठं होत जात नाही. खिडकी उघडी ठेवा, धूर वाईट असतो.

गुडघ्याच्या प्लेटचंही हेच दुखणं आहे. ती नडगीला फक्त वरच्या कोपऱ्यांत डिंकाच्या दोन थेंबांनी चिकटवलेली असते, आणि वाकल्यावर मांडीची कड तिला खालून उचलते. आतून रुंद पट्टीचा आधार द्या.

अकरावी: चीर

भोकापासून किंवा कडेपासून चीर निघाली असेल तर तिच्या अगदी टोकाला दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडा. चीर टोकदार असते तोवर सगळा ताण त्या टोकावर एकवटतो आणि ती धावते. गोल भोकात ताण वाटला जातो आणि ती थांबते. मग आतून त्याच एबीएसच्या कातरणाचा तुकडा एबीएसच्या द्रावक सिमेंटने बसवा. इथे मात्र अॅसिटोनवाला विरघळवणारा गुण कामाला येतो, दोन्ही तुकडे वितळून एक होतात. गच्चीवर करा, हातमोजे घाला आणि स्वयंपाकघराच्या आसपास मुळीच नाही. ही द्रव्यं पेट घेतात.

म्हणून कापलेलं एबीएसचं कातरण टाकून देऊ नका. त्याच रंगाचा तोच पत्रा पुन्हा मिळत नाही.

इथे थांबा

चीर बोटाएवढी लांब झाली असेल किंवा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली असेल, तर घरी हात लावू नका. नळा आतून आधार देऊन परत जोडावा लागतो. ॲक्रिलिकचे नामफलक करणारे कारागीर हे रोज करतात. कातरण सोबत न्या, म्हणजे प्लास्टिक कोणतं ते सांगावं लागत नाही.

रिकामी नडगी मिटत नसेल आणि तिला गरम करून वळवायचा मोह होत असेल, तर हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) उचलण्याआधी थांबा. एबीएस साधारण १०० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, आणि मऊ पडणं व बुडबुडे येणं यांत काही सेकंदांचं अंतर असतं. मी स्वतः एक मांडी अशी घालवलीय, स्वतःचीच, म्हणून हे सांगायचा मला अधिकार आहे. व्हॅक्यूम फॉर्मिंग करणाऱ्याकडे द्या.

नळा तुम्हाला मुळातच लहान असेल, म्हणजे मांडीत घालताना श्वास रोखावा लागत असेल, तर कुठलीही पट्टी ते सोडवणार नाही. नवा पाय मागवा.

पावलाच्या मुंग्या नडगी उतरवल्यावर अर्ध्या तासात गेल्या नाहीत, किंवा पाऊल घोट्यातून वर उचलताच येत नसेल, तर डॉक्टरकडे. "थोडं चाललं की मोकळं होईल" म्हणत आणखी एक फेरी मारायची नाही.

आणि टिचबटणं. हातोडीने बसवलेली चार बटणं वाकडी गेल्यावर पाचवं घेऊ नका. माझ्या घराजवळ बॅगा दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांच्याकडे हाताने दाबायचं छोटं यंत्र आहे, आरी आहे, मेणदोरा आहे. पहिल्यांदा मी पांढरी मांडी त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी केली, आत हात घालून बघितलं आणि विचारलं, "हे कुठल्या सोंगाचं?" मी सांगितलं, परग्रहावरच्या शिपायाचं. त्यांनी मान डोलावली, पुढच्या पट्टीचं टोक बोटाने ओढून पाहिलं आणि म्हणाले, "पट्टी खालून तुटत नाही, वरून तुटते. कंबर दाखव आधी."